उद्योगाचा हितचिंतक तपासनीस : डॉ. रॉबर्ट अँगस स्मिथ

आपल्या या वार्षिक अंकातून आजवर संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि उद्योजक अशा अनेकांची चरित्रे वाचकांच्या भेटीस आली आहेत. यंदा आम्ही एका सरकारी नोकराचे चरित्र सादर करीत आहोत. सरकारी नोकर, आणि त्यातही कारखान्यांचा तपासनीस, हा चरित्राचा विषय व्हावा याचे काहींना नवल वाटेल. कारण तपासनीस दाराशी आला की कारखानदाराच्या कपाळावर आठी चढावयाची हा सार्वत्रिक अनुभव आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आज औद्योगिक वसाहतींतून रंग, रसायने, औषधे, धातुकाम इत्यादींचे लहानमोठे कारखाने चालवीत आहेत. धुराड्याची तपासणी, सांडपाण्याचे नमुने, परवान्याचे नूतनीकरण हे त्यांच्या घरातील नित्याचे विषय. धूर व सांडपाणी आवरावयाचे म्हणजे नफ्याला कात्री लागावयाची, असा समज त्यांच्यात दृढ आहे, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. परंतु शासनाने शहाणपणाने लक्ष घातले तर त्याच धुरातून उद्योगाला उत्पन्नही मिळू शकते, याचा एक जुना व भक्कम दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी डॉ. रॉबर्ट अँगस स्मिथ हे उभे आहेत. 'आम्लवर्षा' या शब्दाचा जनक म्हणून त्यांचे नाव विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र आढळते. त्यांनी वीस वर्षे केलेली नोकरी मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. आम्हांस ती नोकरीच अधिक मोलाची वाटते.

स्मिथ यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरानजीकच्या पोलकशॉज या गावी एका मोठ्या कुटुंबात झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी योजना होती. त्यासाठी ते ग्लासगो विद्यापीठात दाखलही झाले. परंतु पदवी न घेताच बाहेर पडले आणि श्रीमंत कुटुंबांतील मुलांना शिकविण्याचे काम करू लागले. अशाच एका कुटुंबाबरोबर ते जर्मनीत गेले. तेथे गीसेन या लहानशा गावात युस्टस फॉन लीबिग या जगद्विख्यात रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती आणि देशोदेशींचे विद्यार्थी तेथे लोटत होते. स्मिथ यांनी तेथे अध्ययन करून १८४१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर पुनश्च एकदा धर्मसेवेचा विचार त्यांच्या मनात आला होता. तथापि लीबिगचेच दुसरे शिष्य लायन प्लेफेअर यांनी त्यांना मँचेस्टर येथे साहाय्यक म्हणून बोलाविले आणि धर्मोपदेशाचा विचार कायमचा मागे पडला. प्लेफेअर त्या वेळी मोठ्या शहरांतील आरोग्याच्या चौकशीत गुंतले होते. घाणेरडी गटारे, कोंदट वस्त्या, काळवंडलेली हवा यांचा रसायनशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याची सवय स्मिथ यांना तेथे लागली ती आयुष्यभर टिकली.

आता वाचकांनी क्षणभर स्मिथ यांना बाजूस ठेवून एका कारखान्याकडे वळावे, कारण तो समजल्यावाचून पुढील कथा समजणार नाही.

काच, साबण आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागतो. पूर्वी तो समुद्रकाठच्या वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढीत. निकोलस लेब्लांक या फ्रेंच वैद्याने १७९१ च्या सुमारास मिठापासून सोडा काढण्याची कृती सिद्ध केली. (बिचाऱ्याला तिचा काडीचा लाभ झाला नाही. १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली.) कृती अशी की, मिठावर गंधकाम्ल ओतून ते तापवावयाचे, तयार झालेला क्षार चुनखडी व कोळसा यांच्याबरोबर भट्टीत भाजावयाचा आणि त्या काळ्या राखेतून पाण्याने सोडा विरघळवून घ्यावयाचा. यात दोन उपद्रव होते. पहिल्या पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडे. शंभर मण मिठामागे सुमारे बासष्ट मण! शेवटच्या पायरीला गंधकयुक्त गाळ उरे. त्याचे ढीग कारखान्याबाहेर साचत आणि सडक्या अंड्यांची दुर्गंधी पसरवीत.

ब्रिटनमध्ये हा धंदा फोफावला तो सरकारच्याच एका निर्णयामुळे. मिठावरील जबर कर तेथे १८२५ मध्ये पूर्णपणे उठला आणि कच्चा माल स्वस्त झाला. आपल्या देशात मात्र मिठाचा कर १९४७ पर्यंत चालूच राहिला, हे येथे सहज आठवते. लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विडनेस, ग्लासगो, न्यूकॅसल या परिसरात सोड्याचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या भोवतीची झाडे वठू लागली. हा वायू ओलसर हवेत मिसळला की पांढरट धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो आणि जेथे पोहोचेल तेथे पाने करपवितो. शेते जळाली, कुंपणाच्या झुडपांचे सांगाडे झाले, घरांच्या कड्याकोयंडे गंजले.

लोकांनी न्यायालयात धाव घेतली. जेम्स मस्प्रॅट या लिव्हरपूलच्या बड्या कारखानदाराविरुद्ध खुद्द नगरपालिकेने १८३८ मध्ये खटला जिंकला. त्यांनी दुसरीकडे कारखाना चालविला, तर तेथील जमीनदारांनी दावे लावून तोही बंद पाडला. यावर उपाय म्हणून कारखानदारांनी धुराडी उंच केली. ग्लासगो येथे टेनंट यांच्या कारखान्याचे १८४२ मध्ये बांधलेले धुराडे सुमारे ४३५ फूट उंच होते. परंतु उंच धुराड्याने आम्ल नाहीसे होत नाही; ते शेजाऱ्याऐवजी दूरच्या माणसाच्या शेतावर पडते, इतकेच. आणि एका गावात आठदहा कारखाने झाल्यावर, आपले शेत नेमके कोणत्या धुराड्याने जाळले हे शेतकऱ्याने सिद्ध कसे करावयाचे? दाव्यांत पैसा वकिलांना मिळे. हवा होती तशीच राही.

वस्तुतः या रोगावर औषध सापडलेले होते. विल्यम गॉसेज या रसायनज्ञाने १८३६ मध्ये एका ओसाड पवनचक्कीच्या मनोऱ्यात काटक्याकुटक्या भरल्या, वरून पाण्याची धार सोडली आणि खालून हा वायू आत घेतला. पाण्याला या वायूची विलक्षण ओढ आहे. वायू वर पोहोचेपर्यंत पाण्यात जिरून गेला. पुढे काटक्यांच्या जागी कोक आला आणि डांबरात उकळलेल्या दगडी फरशांचे मनोरे उभारले जाऊ लागले. मग सर्वांनी ही युक्ती का उचलली नाही? कारण सरळ व्यवहारी होते. मनोऱ्याला खर्च होता आणि मिळालेल्या पातळ आम्लाला गिऱ्हाईक फार थोडे. एकाने खर्च करून मनोरा बांधावा आणि शेजारच्याने तो न बांधता स्वस्त सोडा विकावा, अशा स्पर्धेत सज्जन कारखानदारच तोट्यात जातो. आम्हांस या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे दिसते. उपाय ठाऊक असूनही तो एकट्याने करणे परवडत नाही, अशा ठिकाणीच शासनाचे काम सुरू होते.

हे सर्व चालू असता स्मिथ मँचेस्टरमध्ये खाजगी सल्लागार रसायनज्ञ म्हणून जम बसवीत होते आणि फावल्या वेळात पावसाचे पाणी गोळा करीत होते. १८५२ मध्ये त्यांनी मँचेस्टरची हवा आणि पाऊस या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. शहरापासून दूरच्या शेतांवर पडणारा पाऊस, उपनगरांतील पाऊस आणि गावाच्या मध्यभागातील पाऊस हे तीन वेगळे असून, जसजसे शहराच्या आत यावे तसतसे पावसात गंधकाम्ल वाढते, असे त्यांनी दाखवून दिले. हे आम्ल मुख्यतः दगडी कोळशाच्या धुरातून येत होते. कापडावरील रंग फिके पडणे आणि धातू गंजणे यांचे कारण त्यांनी पावसातच शोधले. १८५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हाच अभ्यास वाढवून त्यांनी १८७२ मध्ये 'एअर अँड रेन' हा ग्रंथ लिहिला. आम्लवर्षा ही संज्ञा त्याच ग्रंथातून पुढे आली. त्या काळी ग्रंथाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. सुमारे शंभर वर्षांनी युरोपातील सरोवरे आम्लाने निर्जीव होऊ लागली तेव्हा जगाला त्याची आठवण झाली.

१८६२ मध्ये लॉर्ड डर्बी यांनी उमरावसभेत हा प्रश्न उपस्थित केला. डर्बी हे मोठे राजकारणी, पंतप्रधानपद भूषविलेले. त्यांची विस्तीर्ण जहागीर सेंट हेलेन्सच्या जवळच होती, तेव्हा त्यांच्या पुढाकारात लोकहित किती आणि स्वतःची वृक्षराजी किती, हा हिशेब वाचकांनीच करावा. चौकशी समितीपुढे जमीनदार, शेतकरी, कारखानदार आणि रसायनज्ञ यांच्या साक्षी झाल्या. मनोऱ्यांनी जवळजवळ सर्व वायू धरता येतो हे तेथे सिद्ध झाले. आणि ज्यांनी मनोरे आधीच बांधले होते त्या कारखानदारांना, सर्वांना सारखा लागू होणारा कायदा मुळीच नकोसा नव्हता. १८६३ मध्ये 'अल्कली अ‍ॅक्ट' संमत झाला व १ जानेवारी १८६४ पासून अमलात आला. त्याचे कलम थोडक्यात असे होते : सोड्याच्या प्रत्येक कारखान्याने निर्माण होणाऱ्या आम्लवायूपैकी निदान ९५ टक्के वायू जिरविलाच पाहिजे. तो कसा जिरवावा, मनोरा किती उंच असावा, कोणत्या दगडाचा असावा, याबद्दल कायद्यात अक्षरही नव्हते. फळ काय हवे ते सरकारने सांगितले. वाट कारखानदाराने शोधावयाची होती. देखरेखीसाठी मुख्य तपासनीस म्हणून स्मिथ यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या हाताखाली चार साहाय्यक देण्यात आले. स्थानिक पालिकेकडे हे काम सोपविले असते तर त्याच पालिकेवर बसणाऱ्या कारखानदारांनी काय केले असते हे सांगणे नलगे. तपासनीस मध्यवर्ती सरकारचा असल्यामुळे तो गावातील कोणाचा मिंधा नव्हता.

पाच माणसे आणि इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडभर विखुरलेले कारखाने! शिवाय धुराड्यातील वायू मोजावयाचा कसा, याचे शास्त्रच तेव्हा तयार नव्हते. स्मिथ व त्यांचे साहाय्यक यांनी ते उभे केले. धुराच्या बोगद्याला भोक पाडून ठराविक मापाची हवा चोषकाने ओढावयाची, ती द्रावणातून बुडबुड्यांनी न्यावयाची आणि द्रावणात किती आम्ल उतरले ते तोलावयाचे. बोगद्यातील वायूचा वेग कळल्याखेरीज एकूण हिशेब लागत नाही; त्यासाठी आल्फ्रेड फ्लेचर या साहाय्यकाने स्वतंत्र उपकरण बनविले. तपासनीस पूर्वसूचना न देता येत. कारखान्याचा मालक व तपासनीस यांच्यात आकड्याबद्दल वाद होण्यास मग जागा उरली नाही. ज्याला शंका असेल त्याने स्वतः मोजून पाहावे. पहिल्याच वर्षाच्या अहवालात सर्व कारखान्यांची सरासरी काढली असता बाहेर सुटणारे आम्ल केवळ सव्वा टक्क्याच्या आसपास भरले. कायद्याने पाच टक्क्यांची सूट दिली होती. ती वापरण्याचीही बहुतेकांना गरज भासली नाही.

हे कसे घडले, हा चरित्रातील सर्वांत उद्बोधक भाग होय. स्मिथ यांनी खटले फार थोडे भरले. त्यांचा विचार असा होता की, दोषी कारखान्याला दंड करून दंडाची रक्कम मिळते, हवा स्वच्छ होत नाही. उलट कारखानदार पुढच्या वेळी दार लावून घेतो. म्हणून ते व त्यांचे साहाय्यक दोष दाखवीत आणि तेथेच उपायही सांगत. एक उदाहरण देतो. मिठावर आम्ल ओतले की पहिला वायू कढईतून निघतो. तो दाट असतो आणि सहज जिरतो. मग तो क्षार भट्टीत भाजताना उरलेला वायू निघतो. उघड्या भट्टीत हा वायू कोळशाच्या तप्त धुराबरोबर मिसळून विरळ होई आणि मनोऱ्यातून निसटे. बंद भट्टी वापरली, बाहेरून आच दिली, वायू मनोऱ्यात शिरण्यापूर्वी थंड केला, कोक नीट रचला, पाण्याची धार सर्वत्र सारखी पडेल असे केले, म्हणजे काम होते. कारखानदार आपल्या शेजाऱ्याला आपल्या कारखान्यात पाऊल टाकू देत नसे. तपासनीस मात्र सर्व कारखान्यांत हिंडत असे. कोणाकडे काय जमते आणि कोणाचे काय बिघडते हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते. कोणाचे व्यापारी गुपित न फोडता हे ज्ञान तो गावोगाव नेई. एरवी मोठी फी देऊन मिळावयाचा तो सल्ला अशा रीतीने सरकारी खर्चाने लहान कारखान्यालाही मिळू लागला.

आता नफ्याकडे येऊ. कायदा झाला त्या वेळी मनोऱ्यातून मिळणारे आम्ल हे ओझेच होते, आणि बहुतेक कारखानदारांनी ते जवळच्या ओढ्यात सोडून दिले. म्हणजे हवेतील पाप पाण्यात गेले! सेंट हेलेन्सजवळच्या सँकी ओढ्याची दशा त्यामुळे अत्यंत केविलवाणी झाली. ओढ्यातले आम्ल गाळाच्या ढिगांना मिळाले की विषारी दुर्गंधी उसळे. पाण्याबद्दल १८६३ च्या कायद्यात शब्दही नव्हता. नद्यांच्या प्रदूषणाचा कायदा १८७६ मध्ये झाला तेव्हा त्याच्या तपासनिसाचे कामही स्मिथ यांच्याकडेच आले.

परंतु इतके आम्ल जवळजवळ फुकट उपलब्ध आहे म्हटल्यावर बुद्धिमान माणसे त्याच्या मागे लागली. या आम्लातून क्लोरीन काढता येतो, क्लोरीन विरलेल्या चुन्यावर सोडला की ब्लीचिंग पावडर होते. आपल्याकडे ग्रामपंचायती यात्रेच्या वा साथीच्या दिवसांत विहिरीत टाकतात तीच ही पावडर. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापड पांढरे करण्यासाठी ती हवी होती. इंग्लंडमध्ये कागदावरील कर १८६१ मध्ये उठला, वर्तमानपत्रे स्वस्त झाली, चिंध्या पुरेनात म्हणून गवतापासून कागद होऊ लागला. त्या कागदालाही सोडा व ब्लीचिंग पावडर दोन्ही हवी होती. अडचण अशी की, क्लोरीन काढण्यास लागणारे मँगेनीजचे खनिज महाग होते आणि एकदा वापरले की वाया जाई. १८६०-७० या दशकाच्या उत्तरार्धात वॉल्टर वेल्डन यांनी ते मँगेनीज परत मिळविण्याची रीत काढली, तर हेन्री डीकन यांनी तांब्याच्या क्षाराच्या साहाय्याने मँगेनीजशिवायच क्लोरीन काढला. ब्लीचिंग पावडरचा धंदा भराभर वाढला. काल ओढ्यात ओतलेले आम्ल आज मोजून मापून साठविले जाऊ लागले; कारखानदार आता कायद्यासाठी नव्हे, स्वतःच्या गल्ल्यासाठी मनोऱ्याची गळती बुजवू लागला.

याचे खरे मोल कळले ते संकटकाळी. बेल्जियममधील अर्नेस्ट सोल्वे यांनी अमोनियाच्या साहाय्याने सोडा काढण्याची अधिक स्वस्त आणि स्वच्छ कृती शोधली होती. ती घेऊन ब्रुनर आणि मोंड यांनी १८७० नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये नॉर्थविच येथे कारखाना काढला. त्यांच्या सोड्यापुढे लेब्लांकच्या सोड्याचा टिकाव लागेना. परंतु सोल्वेच्या कृतीत मिठातील क्लोरीन निरुपयोगी क्षारात वाया जातो. ब्लीचिंग पावडर तिच्यातून निघत नाही. जुन्या कारखान्यांनी सोड्यात तोटा सोसला आणि ब्लीचिंग पावडरीवर ते आणखी कित्येक वर्षे तगून राहिले. १८६० मध्ये जो वायू लोकांच्या शेतावर फुंकून दिला जात होता, तोच १८८५ च्या सुमारास त्या धंद्याचा मुख्य अन्नदाता झाला होता.

याचे सर्व श्रेय कायद्याला द्यावे काय? आमचे मत तसे नाही. कागदाची व कापडाची मागणी नसती, वेल्डन आणि डीकन यांची बुद्धी नसती, तर मनोऱ्यातील आम्ल ओढ्यातच गेले असते. परंतु कायद्याने सर्वांना एकाच वेळी मनोरे बांधावयास लावले आणि मालाचा साठा निर्माण केला, हेही तितकेच खरे. कायद्यामुळे नफा हमखास मिळतो असे कोणी सांगत असल्यास ती अतिशयोक्ती होय. कायद्यामुळे नफा शोधण्याची निकड निर्माण होते, एवढेच या इतिहासातून निघते, आणि आमच्या मते एवढे पुष्कळ आहे.

स्मिथ यांच्यावर टीकाही झाली, आणि ती दडपून चरित्र लिहिणे आम्हांस उचित वाटत नाही. १८७० नंतर कारखान्यांभोवतीच्या लोकांच्या तक्रारी पुनश्च वाढल्या. हा सरकारी नोकर कारखानदारांचा स्नेही झाला आहे, असे जमीनदार उघड बोलू लागले. दोष काही अंशी कायद्याच्या रचनेत होता. टक्केवारीच्या नियमाने प्रत्येक कारखाना आपले ९५ टक्के आम्ल धरतो. पण कारखाने व त्यांचे उत्पादन वाढत गेले म्हणजे सुटणारे थोडके टक्केही एकूण वजनात भारी होत जातात. शिवाय गंधकाचे, नत्राचे वायू सोडणारे इतर कारखाने कायद्याच्या बाहेर मोकळेच होते. स्मिथ यांनी आपल्या वार्षिक अहवालांतून या त्रुटी स्वतःच मांडल्या. त्यातून १८७४ मध्ये दुरुस्ती झाली : धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या दर घनफूट वायूत आम्ल एक पंचमांश ग्रेनहून अधिक असता कामा नये, असा पक्का मापदंड आला, आणि इतर उपद्रवी वायूंबाबत, व्यवहारात शक्य असलेले सर्वोत्तम उपाय कारखानदाराने योजले पाहिजेत, हे तत्त्व कायद्यात दाखल झाले. १८७६ मध्ये शाही आयोग बसला, १८७८ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८१ च्या व्यापक कायद्याने गंधकाम्ल, नत्राम्ल, रासायनिक खते इत्यादींचे कारखानेही तपासणीखाली आले. आपल्या देशातील हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा बरोबर शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये झाला.

'व्यवहारात शक्य' हा शब्द दुधारी आहे. त्याने कारखानदाराला असाध्य अटींपासून वाचविले, आणि तंत्र सुधारले की अटही आपोआप कडक होण्याची सोय केली. त्याच शब्दाच्या आडोशाला आळशी कारखानदारही वर्षानुवर्षे बसू शकला. शक्य काय आणि अशक्य काय हे ठरविणारा तपासनीस जाणकार व निःस्पृह असेल तरच तो शब्द कामाचा. आणि स्मिथ तसे होते, एवढे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही.

दोन गोष्टी मात्र त्या व्यवस्थेने पाहिल्याच नाहीत. पहिली, कोळशाचा धूर. मँचेस्टरच्या पावसातील आम्ल कोळशातून येते हे स्मिथ यांनी १८५२ मध्ये सांगितले होते. परंतु कोळसा घरोघरी आणि गिरणोगिरणी जळत होता, त्याला हात लावण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली, त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. दुसरी गोष्ट अधिक दुःखद. कायद्याची नजर धुराड्याच्या तोंडावर होती. कारखान्याच्या आतल्या माणसावर नव्हती. आम्लाच्या कढईजवळ राबणाऱ्या मजुरांचे दात झिजून जात. ब्लीचिंग पावडर भरणारे मजूर तोंडावर फ्लॅनेलच्या कपड्याचे जाड वेष्टन घट्ट बांधून कोठीत शिरत आणि त्यातूनच श्वास घेत. झाडांची दाद लागली, कारण झाडे लॉर्ड डर्बींची होती.

आपल्याकडे महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. लहान कारखानदाराला सांडपाण्याची स्वतंत्र यंत्रणा परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून सामायिक प्रक्रिया केंद्र उभारावे व त्याच्या भांडवलाचा काही भाग शासनाने उचलावा, ही केंद्राची योजना १९९१ मध्ये आली आणि आपल्या कित्येक औद्योगिक वसाहतींत अशी केंद्रे झाली. स्मिथ यांच्या काळी सरकारने असा पैसा दिला नव्हता. त्यांनी दिले ते ज्ञान. आमच्या ज्ञातिबंधूंपैकी जे कारखाने चालवितात त्यांच्याशी बोलताना आम्हांस वारंवार जाणवते की, पैशाइतकीच किंबहुना अधिक उणीव अशा सल्ल्याची आहे. नमुना नेणारा येतो, नोटीस आणणारा येतो. भट्टीपाशी उभा राहून दोष समजावून देणारा क्वचितच येतो.

खाजगी जीवनात स्मिथ अविवाहित, मितभाषी आणि ग्रंथप्रेमी होते. मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाचे ते अध्यक्ष झाले. अणुसिद्धान्ताचे प्रणेते जॉन डाल्टन यांचे चरित्र त्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. जंतुनाशक चूर्णाचा शोध त्यांनी अलेक्झांडर मॅकडुगल यांच्या सहकार्याने लावला होता. स्कॉटलंडच्या प्राचीन अवशेषांचा त्यांना मोठा छंद, आणि त्यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. नोकरी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १२ मे १८८४ रोजी उत्तर वेल्समधील कोल्विन बे येथे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी फ्लेचर आले व त्यांनी तीच पद्धत पुढे चालविली. त्या तपासनीस खात्याचे स्वतंत्र अस्तित्व १९८७ पर्यंत टिकले. सोड्याच्या कारखान्यांचा दुसरा उपद्रव, म्हणजे तो गंधकयुक्त गाळ, स्मिथ यांच्या हयातीत सुटला नाही. त्यातून गंधक परत काढण्याची यशस्वी कृती अलेक्झांडर चान्स यांनी १८८८ मध्ये सिद्ध केली, आणि मग तो गाळही विकाऊ माल झाला. लेब्लांकचे कारखाने पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कायमचे विझले. विडनेस येथे ज्या जागी पहिला कारखाना १८४७ मध्ये उभा राहिला, तेथे आज कालव्याच्या काठी हिरवळ राखलेली आहे, आणि गॉसेज यांच्या जुन्या साबण कारखान्याच्या इमारतीत मुलांसाठी रसायन उद्योगाचे संग्रहालय आहे.